कामासाठी कोल्हापुरात आलात? सुट्टी न घेता एकट्यानं शहर कसं पाहाल

ऑडिट, मशीनची दुरुस्ती, खरेदीची बोलणी, विद्यापीठातली परीक्षा, आता मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या सर्किट बेंचमधली तारीख. कोल्हापूरला कामानं येणाऱ्यांची कारणं अनेक असतात आणि दिनक्रम जवळजवळ एकच असतो. हायवेवरचं हॉटेल, तिथून गाडीनं एमआयडीसी, संध्याकाळी परत खोली, टीव्ही, झोप. निघताना स्टँडवरून कांदा-लसूण चटणीचं पाकीट घेतलं की कोल्हापूर झालं! मी कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतीव भागांच्या, तपासणीसाठी इथल्या फौंड्र्यांमध्ये नेहमी येते आणि सोबतच्या नव्या मुलामुलींना असं परत जाताना पाहून फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की कामावर आलेल्या माणसाला जे दोन वेळ मोकळे मिळतात, पहाट ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा, नेमके तेच या शहराचे खरे वेळ आहेत. देऊळ, तालीम, दूध कट्टा, मिसळ हे सगळं सकाळी. रंकाळा, खासबाग, महाद्वार रोड संध्याकाळी. दुपारी तुम्ही कारखान्यात असलात तरी फारसं काही बुडत नाही. फक्त थोडी आखणी आधी करावी लागते.

१. आधी दिशा पक्क्या करा

शहर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाचायचं. सगळ्यात पूर्वेला पुणे-बेंगळुरू महामार्ग. तिथून आत आलं की कावळा नाका, म्हणजे ताराराणी चौक. मग रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक, ज्याला सगळे सीबीएस म्हणतात. त्याच्या आसपास शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दक्षिणेला राजारामपुरी. आणखी पश्चिमेला दसरा चौक, बिंदू चौक आणि मग जुनं गाव: अंबाबाईचं देऊळ आणि त्याभोवतीच्या पेठा. त्याच्या पलीकडे रंकाळा. वायव्येला पंचगंगा नदी. एवढं डोक्यात बसलं की मोबाइलची बॅटरी संपली तरी तुम्ही हरवत नाही.

आता सापळा. शिरोली, शिरोळ आणि गोकुळ शिरगाव ही तीन वेगवेगळी ठिकाणं आहेत. शिरोली (लोक ‘पुलाची शिरोली’ म्हणतात) शहराच्या उत्तरेला, पंचगंगेचा पूल ओलांडला की लगेच. गोकुळ शिरगाव दक्षिणेला, कागलच्या वाटेवर, म्हणजे अगदी उलट्या दिशेला. शिरोळ हे तालुक्याचं गाव पार पूर्वेला, जयसिंगपूरच्या बाजूला. ‘शिरोली एमआयडीसी’ आणि ‘शिरोळ’ यांची अदलाबदल करून सकाळची मीटिंग चुकलेले लोक मी पाहिले आहेत. कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसी आणखी वेगळी. कंपनीकडून पत्ता घेताना एमआयडीसीचं पूर्ण नाव आणि जवळची खूण दोन्ही मागून घ्या.

गावातले पत्ते गल्ली, तिकटी, वेस आणि तालमीवरून सांगतात. ‘राजारामपुरी सातवी गल्ली’, ‘मिरजकर तिकटी’, ‘पापाची तिकटी’, ‘वरुणतीर्थ वेस’. तीन रस्ते मिळतात ती तिकटी. जुन्या कोटाचे दरवाजे होते तिथे वेस. रस्ता विचारलात तर ‘सरळ जावा, तिकटीला डावीकडं वळा’ असं उत्तर येईल आणि बहुतेक वेळा माणूस चार पावलं सोबत येऊन हातानं दाखवेल. म्हणून विचारायला बिचकू नका. इथे एकट्या माणसाचं निम्मं काम विचारल्यानं होतं.

२. मुक्काम गावात घ्या

हायवेवरचं हॉटेल कारखान्याला जवळ पडतं आणि बाकी सगळ्याला लांब. तिथून संध्याकाळी आठला गावात यायचं म्हणजे जाण्या-येण्यातच कंटाळा येतो आणि माणूस खोलीतच बसतो. ऑफिसला सांगून मुक्काम शाहूपुरी, स्टेशन रोड किंवा दसरा चौकाच्या आसपास घ्या. इथून देऊळ चालत अर्ध्या तासाच्या आत आहे आणि सकाळी कंपनीची गाडी न्यायला येणार असेल तर तिलाही सोपं पडतं. अगदी देवळाच्या भोवतालच्या गल्ल्यांत यात्री निवास भरपूर आहेत, पण तिथे गाडी आत येत नाही आणि मंगळवार, शुक्रवार, रविवार गर्दी असते.

नवरात्र, कोल्हापूरचा दसरा आणि चैत्रातली जोतिबाची यात्रा या काळात खोल्या मिळणं अवघड होतं. तारीख हातात असेल तर कॅलेंडर बघून मगच होकार द्या.

एकट्या बाईनं राहताना मी तीन गोष्टी पाहते: रिसेप्शन रात्रभर उघडं असतं का, खोलीला आतून चांगली कडी आहे का, आणि हॉटेल मुख्य रस्त्यावर आहे की बोळात. पैसे आधी भरू नका, खोली पाहून भरा.

३. सोबत काय ठेवायचं

- मूळ आधार कार्ड. खोली घेताना विचारतातच.
- कंपनीचं ओळखपत्र आणि भेटीचं पत्र किंवा ईमेलची छापील प्रत. एमआयडीसीतल्या गेटवर सिक्युरिटीवाल्याला मोबाइल दाखवत उभं राहण्यापेक्षा कागद बरा.
- कंपनीचा जीएसटी क्रमांक आणि बिलावर हवं असलेलं नाव, कागदावर लिहून.
- सुटे पैसे. यूपीआय जवळजवळ सगळीकडे चालतं, पण केएमटीच्या बसमध्ये आणि पहाटेच्या फुलवालीकडे सुटे असलेले बरे.
- चटकन काढता-घालता येतील अशा चपला किंवा सँडल. सेफ्टी शूज कारखान्यापुरते. देवळं आणि तालमी यांत दहादा पायातलं काढायचं असतं.
- अंगभर कपड्यांचा एक जोड. अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या देवळात तोकडे कपडे चालत नाहीत.
- जून ते सप्टेंबरमध्ये छत्री आणि कागदपत्रांसाठी प्लॅस्टिकची पिशवी.
- पॉवर बँक, आणि हॉटेलचं कार्ड खिशात.

४. पोचणं आणि आतल्या आत फिरणं

पुण्याहून अंतर साधारण २३० किलोमीटर, एसटी भरपूर. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी थेट कोल्हापुरात, छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरवते. थेट गाडी मिळाली नाही तर मिरजेपर्यंतचं तिकीट बघा. मिरज मोठं जंक्शन आहे आणि तिथून कोल्हापूरला गाड्या, एसटी दोन्ही मिळतात. एसटीच्या तिकिटात महिलांना २०२३ पासून निम्मी सवलत आहे, बाहेरगावच्या बायकांनाही.

खासगी बसनं येणार असाल तर सावध. यातल्या बऱ्याच गाड्या बेंगळुरूकडे किंवा गोव्याकडे पुढे जाणाऱ्या असतात आणि पहाटे चारला तुम्हाला महामार्गावरच उतरवून मोकळ्या होतात. तिकीट काढतानाच ‘कावळा नाक्याला उतरवणार का’ हे विचारा. बसल्यावर क्लीनरला पुन्हा सांगा. अंधारात महामार्गाकडेला बॅगा घेऊन उभं राहणं एकट्या माणसानं टाळायलाच हवं.

शहरात रिक्षा आणि केएमटी, म्हणजे महापालिकेच्या बस. केएमटी आसपासच्या गावांनाही जातात, त्यामुळे रिक्षाच्या भाड्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत काम होतं. रिक्षात बसण्याआधी ‘मीटरनं ना?’ एवढं विचारून घ्या. रात्री उशिरा भाडं ठरवूनच बसा. जुन्या गावात मात्र पायीच फिरायचं.

५. पहिली सकाळ: देऊळ, दूध कट्टा, नदी

ही सकाळ सगळ्यात महत्त्वाची. गजर साडेपाचचा लावा. सहाला बाहेर पडलात तर साडेआठला आंघोळ-नाश्ता उरकून गाडीत बसता येतं.

दसरा चौकातून सुरुवात करा. शाहू महाराजांचा पुतळा आहे तो चौक. तिथून बिंदू चौक. इथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत. ते १९५० साली बसवले, बाबासाहेब हयात असताना. चौकात गर्दी सुरू होण्याआधी त्यांच्यासमोर जरा थांबा. १९०२ साली आपल्या संस्थानात नोकऱ्यांमध्ये पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणाऱ्या राजाचं हे गाव आहे, आणि हे दोन पुतळे याच गावात उभे राहिले, याचा मला फार आदर वाटतो.

बिंदू चौकातून भवानी मंडपाकडे चला. जुन्या राजवाड्याचा भव्य नगारखाना लागतो. त्याच्या पुढे देऊळ. दर्शनाच्या दोन रांगा असतात. गाभाऱ्यापर्यंत जाणारी मोठी रांग आणि लांबून बघायची मुखदर्शनाची छोटी रांग. कामाच्या दिवशी मुखदर्शन पुरे. वेळ वाचला तर तो देवळाच्या बाहेरच्या भिंतींना द्या. काळ्या दगडातल्या नर्तकी, वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया इतक्या जवळ आहेत की दागिन्यांचा एकेक मणी दिसतो. पहाटेच्या तिरप्या उजेडात त्यांच्यावरच्या सावल्या चांगल्या पडतात. दिवसा तेच शिल्प सपाट वाटतं. गाभाऱ्यात फोटो काढायचे नाहीत, बाहेरही पाटी वाचूनच मोबाइल काढा.

जानेवारी संपता-संपता किंवा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलात तर मात्र संध्याकाळ राखून ठेवा. त्या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येत देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात. तो किरणोत्सव. देवी पश्चिमाभिमुख आहे म्हणून हे घडतं. गर्दी प्रचंड असते, आणि वाटेत ढग किंवा धूसर हवा आली तर किरण पायापाशीच थांबतात.

देवळातून महाद्वारानं बाहेर पडा आणि महाद्वार रोडनं उजवीकडे पापाची तिकटी गाठा. तिथून सरळ गंगावेश.

गंगावेशीत दूध कट्टा आहे. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात आणि दूधवाले तुमच्यासमोर धार काढतात. भांड्यात धारेचा आवाज आधी पातळ, टणटणीत येतो. दूध वाढेल तसा तो जाड होत जातो. पेला हातात येतो तेव्हा वरचा निम्मा भाग नुसता फेस असतो आणि काच गरम लागते. आजूबाजूला तालमीतून घामानं भिजून आलेली पोरं, शाळेच्या गणवेशातला एखादा मुलगा आजोबांचं बोट धरून, पेपर काखेत धरलेले म्हातारे. सगळे उभ्यानं पितात आणि मिशी पुसत निघून जातात. कच्चं दूध पोटाला चालत नसेल तर पिऊ नका, दिवसभर काम आहे. बघायला मात्र जाच. असाच कट्टा मिरजकर तिकटीलाही भरतो.

जवळच गंगावेश तालीम. कुस्तीची तालीम ही शिकायची आणि राहायची जागा असते, प्रेक्षणीय स्थळ नव्हे, हे लक्षात ठेवून वागा. पायातलं बाहेर काढा, दारात थांबा, वस्ताद किंवा मोठं कुणी दिसलं तर ‘बघू का जरा?’ विचारा. ‘या’ म्हणाले तर कडेला बसा. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात, त्याचा वास दारातच येतो. बायकांनी दारातूनच पाहावं, असं बऱ्याच ठिकाणी अपेक्षित असतं. मी ते पाळते. न विचारता व्हिडिओ काढू नका.

गंगावेशीतून पुढे पंचगंगा घाट. दगडी पायऱ्या, दीपमाळा, पाण्यातली छोटी देवळं. सात वाजले असतील तर पायऱ्यांवर जरा टेका आणि मग रिक्षानं परत फिरा. अंधार पडल्यावर एकट्यानं या घाटाच्या कडेकडेनं फिरू नका. सकाळी इथे माणसं असतात, तोच वेळ बरा.

६. खाणं

मिसळ सकाळची. दुपारी दीडला ‘चला मिसळ खाऊ’ म्हणून प्रसिद्ध ठिकाणी गेलात तर शटर खाली दिसेल. उद्यमनगरातली फडतरे, महाद्वार रोडवरची चोरगे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही लोकांच्या तोंडची नावं. आपापल्या गल्लीतल्या मिसळीवर जीव टाकणारे मात्र ही यादी ऐकून भांडतील. इथे मिसळीबरोबर पाव नव्हे, ब्रेडच्या स्लाइस येतात. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागता येतो. तिखटाची सवय नसेल तर ‘कट कमी’ आधीच सांगा आणि दही घ्या. ऑडिटच्या दिवशी मी स्वतः मिसळ खात नाही. ती शेवटच्या सकाळी.

जेवणाला तांबडा-पांढरा. बाहेरच्या गावात ‘कोल्हापुरी’ नावाखाली जे लालभडक, जीभ जाळणारं काहीतरी मिळतं, ते इथे शोधू नका. तांबड्या रश्श्यात चव कांदा-लसूण मसाल्याची आणि मटणाच्या स्टॉकची असते. पांढऱ्यात मिरचीचा रंगच नाही, नारळाचं दूध, तीळ, खसखस असतं. वाटी तोंडाला लावून प्यायची. रस्सा पुन्हा वाढतात, नको असेल तर वाटीवर हात धरा, नाहीतर भरतच राहील. बरीच मंडळी वार पाळतात, म्हणून बुधवार, शुक्रवार, रविवार खानावळीत गर्दी. एकट्या माणसाला टेबल मिळायला रविवारी उशीर होतो. सोमवारी-गुरुवारी लगेच मिळतं.

एकटं जेवायला संकोच वाटत असेल तर मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती खानावळ निवडा. तिथे निम्मी गिऱ्हाईकं एकटीच असतात. ‘ताई, अजून भाकरी?’ असं विचारत वाढणाऱ्या मावशी हा एकटेपणावर चांगला उपाय आहे. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर, झुणका, वांग्याची भाजी, भाकरी मिळते.

संध्याकाळी भूक लागली की खासबागेत राजाभाऊंची भेळ.

७. पहिली संध्याकाळ: खासबाग आणि रंकाळा

काम साडेसहाला संपलं असं धरू. आधी खासबाग. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ साली सुरू झालं. मधला आखाडा खोलगट आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही मल्लाचे पाय दिसतात. खांब नाहीत, अडथळा नाही. कुस्त्या असतील त्या दिवशी तुमचं नशीब जोरावर. नसतील तरी ती बैठक पाहण्यासारखी आहे. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळलं. त्या रात्रीबद्दल इथला कुठलाही माणूस घरातलं कुणी गेल्यासारखा बोलतो. विषय निघाला तर ऐकून घ्या.

डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत आलात तर शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना आहे का विचारा. पेठांचे संघ खेळतात, आणि पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असेल तर शहर दोन भागांत वाटलेलं असतं. बाहेरच्या माणसानं तटस्थ राहावं, आणि सामना संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत जागेवरून उठू नये.

मग ताराबाई रोडनं, कपिलतीर्थ मंडईवरून रंकाळा. चौपाटीच्या बाजूला खाद्यगाड्या, फुगे, लहान मुलं, म्हातारी जोडपी. एकट्या माणसाकडे कुणी वळूनही पाहत नाही. राजघाटाचा मनोरा आणि पलीकडे शालिनी पॅलेस. तलावाला पूर्ण फेरी मारायची तर ती सकाळी. रात्री मागच्या बाजूला दिवे आणि माणसं दोन्ही कमी होतात, म्हणून उजेड पडतो तेवढाच काठ चाला. बेंचवर बसून घरी फोन करायला यापेक्षा चांगली जागा या गावात मला माहीत नाही.

८. मधली दुपार मोकळी मिळाली तर

मशीनचा पार्ट आला नाही, साहेब पुण्याला गेले, मीटिंग पुढे ढकलली. असं होतंच. तेव्हा संग्रहालयं, फक्त सोमवार सोडून.

टाउन हॉल संग्रहालय सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेत आहे. लहान आहे, तासाभरात होतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाचा छोटासा ब्राँझचा पुतळा इथे आहे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि हा देव पंचगंगेच्या काठी! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाराच्या वाटेनं तो इथवर आला. कास्टिंगमध्ये काम करणाऱ्यांनी तर तो मुद्दाम बघावा. एवढ्याशा ओतकामात शरीराचा तोल आणि स्नायू कसे आणलेत, ते काचेला नाक लावून पाहा.

दुसरं, न्यू पॅलेस. १८८४ साली पूर्ण झालेला काळ्या घडीव दगडाचा राजवाडा आणि त्यातलं शहाजी छत्रपती संग्रहालय. शस्त्रं, पोशाख, शिकारीतली जनावरं. पुढे कसबा बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस, जिथे २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. एकाच जागेला वेळ असेल तर मी टाउन हॉल सांगेन.

गोकुळ शिरगावात अडकला असाल तर शहरात येऊ नका. तिथून कणेरी मठ जवळ आहे. गावगाड्याचं मोठं शिल्प-संग्रहालय आहे, बारा बलुतेदारांपासून पेरणी-मळणीपर्यंत.

९. अर्धा दिवस हातात असेल तर पन्हाळा

अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. सकाळी सातला सीबीएसवरून एसटी पकडा. उतरताना कंडक्टरला परतीच्या गाड्यांची वेळ विचारा, हे विसरू नका.

१६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच गडावरून निसटले. २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. सज्जाकोठी, अंबरखाना, अंधारबाव, तीन दरवाजा हा क्रम पायी ठेवा. अंबरखान्याची धान्याची कोठारं आत जाऊन बघा. वर गाव वसलेलं आहे, झुणका-भाकर मिळते, त्यामुळे एकटं असण्याची भीती नाही. पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की तटाची कड दिसत नाही. अशा दिवशी तटावर चढू नका आणि दगडांवर शेवाळ असतं, सेल्फीसाठी मागे सरकू नका.

जोतिबा वाटेवरच आहे, पण अर्ध्या दिवसात दोन्ही कोंबू नका. जोतिबाला गेलात तर पांढरे कपडे घालू नका. गुलाल निघत नाही, आणि तुम्हाला चारच्या गाडीनं क्लायंटकडे जायचं असतं.

१०. खरेदी

चप्पल घ्यायची तर शिवाजी चौकाजवळची चप्पल लाइन. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. ओळखायची कशी? चप्पल उलटी करा. तळाला चामड्याच्या वादीची शिलाई दिसली पाहिजे, खिळे आणि नुसता गोंद नको. कडेनं पाहिलं तर तळव्याचे चामड्याचे थर मोजता येतात. वास घ्या: बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा वास उग्र, मातकट असतो. रेक्झिनला तो नसतो. पहिल्या दुकानात घेऊ नका, तीन-चार दुकानं बघा आणि हातशिलाईची मागा. नवी चप्पल घालून त्याच दिवशी शहर फिरायला निघू नका, अंगठ्याला फोड येईल. रात्री आतून थोडं तेल लावून ठेवा आणि पावसात घालू नका.

गूळ घेताना पिवळाधमक गूळ पाहून भुलू नका. गडद, थोडा मऊ गूळ मागा. चांदी-सोन्यासाठी गुजरी. साज बघायला हरकत नाही, पण एवढी मोठी खरेदी घाईच्या दौऱ्यात करू नये असं माझं मत आहे.

११. जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर

या काळात इथे ‘राजाराम बंधारा किती फूट?’ हा प्रश्न सगळीकडे ऐकू येईल. पंचगंगेची पातळी तिथे मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि शहराचा संपर्क तुटला. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले अशी बातमी आली, की पुढच्या काही तासांत पातळी वाढते हे इथल्या पोरासोरांना माहीत असतं. तुम्हीही रोज सकाळी हॉटेलच्या काउंटरवर विचारा. ३९ ओलांडून पाणी वाढतंच असेल आणि काम संपलं असेल तर एक संध्याकाळ फिरायच्या मोहात थांबू नका, निघा. पाणी रस्त्यावर आलेलं असताना ‘एवढ्यातून गाडी जाईल’ म्हणणाऱ्या ड्रायव्हरला ठाम नकार द्या. कुठलीही अडचण आली तर ११२.

१२. परतताना

हॉटेलचं बिल आदल्या रात्रीच काढून घ्या. जीएसटी क्रमांक आणि कंपनीचं नाव अक्षर न अक्षर तपासा, नंतर दुरुस्तीसाठी फोन करून कुणी दाद देत नाही. चटणी आणि मसाला दोन पिशव्यांत गुंडाळा, नाहीतर तेल फुटून कपड्यांना आणि ऑडिटच्या कागदांना लागतं. गूळ बॅगेच्या तळाशी, चपला वर्तमानपत्रात.

रात्रीची खासगी बस असेल तर सुटण्याची जागा तिकिटावर वाचा आणि दुपारीच त्यांना फोन करून खात्री करा. कावळा नाक्याला अनेक ऑफिसं रांगेनं आहेत, नावं सारखी दिसतात आणि गाडी कधीकधी समोरच्या बाजूला लागते. अर्धा तास आधी पोचा, ऑफिसच्या आत उजेडात बसा, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन घरच्यांना पाठवा.